कावीळ नव्हती ती, अण्णा

अण्णा, तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी मॅट्रिकच्या वर्गात होते, आता माझेच केस पांढरे झालेत. तरी एखाद्या पेशंटचे डोळे पिवळे दिसले की आधी तुम्ही आठवता, आणि आठवलात की भांडावंसं वाटतं.

पिंपरीच्या कंपनीत पत्रा कापताना तुमचा तळहात चिरला. दवाखाना शेडला लागूनच होता. पण तिथे गेलं की अपघाताची नोंद होणार, आणि तुमच्या खात्यात बरेच महिने अपघात नव्हता म्हणून प्रत्येकाला स्टीलचा डबा मिळायचा होता. "राव, डबं मिळायच्या टायमाला कुठं दवाखान्यात जाता?" असं सोबती म्हणाले, आणि तुम्ही हाताला चिंधी गुंडाळून शिफ्ट पुरी केलीत. घरी येऊन हे हसत हसत सांगितलंत. मला तेव्हाही हसू आलं नव्हतं.

मग थंडी वाजून ताप आला. हात मनगटापर्यंत सुजला, चिंधीला वास यायला लागला. आई घाबरली, काकांनी तुम्हाला चाकणच्या डॉक्टरकडे न्यायला टेम्पो बोलावला. टेम्पो दारात आला आणि नेमके तुमचे डोळे पिवळेधमक दिसले. घरादाराचा जीव भांड्यात पडला! हे मला आजही सहन होत नाही. "कावीळ हाय व्हय! मग डाक्टर कशाला?" आत्या म्हणाली. काविळीला डॉक्टरचं औषध लागू पडत नाही, सुई तर टोचायचीच नाही, हे आपल्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. टेम्पो रिकामा परत गेला. शेजारच्या गावचा माळ घालणारा आला. त्याने तुमच्या डोक्यावर ओल्या काड्यांची माळ ठेवली, तेल-मीठ बंद केलं, काड्या वाळून माळ जशी लांबत खाली येईल तशी कावीळ उतरेल म्हणून सांगून गेला. मी विचारलं, अण्णा, हाताचं काय? तुम्हाला धाप लागली होती, पण मला दटावायला जोर होता. "चार बुकं शिकलीस म्हणून बापाला शिकवतीस व्हय? आधी कावीळ उतरू दे." माळ बेंबीपर्यंत आली त्या दुपारी तुम्ही गेलात.

मी चिंचवडच्या एका हॉस्पिटलात रक्त तपासते, अण्णा. जखमेतले जंतू रक्तात पसरले की त्या दणक्याने लिव्हर कोलमडतं. पेशींच्या आत राहून काम करणारी एन्झाइम्स बाहेर रक्तात सांडतात, विष निस्तरणारी कमी पडतात, पित्त तुंबतं आणि माणूस पिवळा पडतो. लिव्हर बिचारं मार खात होतं, आणि आपण सगळं खापर त्याच्यावरच फोडलं. चोर सोडून संन्याशाला फाशी.

दहाव्याला तुमचे सोबती डबा घेऊन आले. खात्यात अपघात झालाच नव्हता ना! "खात्याचा मान ठेवला त्यांनी," एक जण डोळे पुसत म्हणाला. तो डबा त्याच्या डोक्यात घालावासा वाटला मला. पण खरा राग त्याच्यावर नाही, माळवाल्यावरही नाही. तुम्ही सोबत्यांचा शब्द मोडला नाहीत, आत्याचा मोडला नाहीत, मोडलात तो माझ्या एकटीचा. भीड भिकेची बहीण म्हणतात, तुम्हाला ती थेट स्मशानात घेऊन गेली. आणि आईला आयुष्यभर वाटत राहिलं की माळ घालायलाच उशीर झाला.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून एक सांगून टाकते. आज एवढी औषधं, एवढी यंत्रं आहेत, तरी असे पेशंट जातात. वेळेवर आलेलेसुद्धा जातात. त्या दिवशी टेम्पोत घातलं असतं तर तुम्ही वाचला असता, हे मला छातीठोकपणे सांगता येत नाही. पण ते कबूल केलं तर तुमच्याशी भांडण संपेल, अण्णा, आणि मला ते संपवायचं नाही.