मुलीकडून पसंती

५ फेब्रुवारी, गुरुवार
आले बाई एकदाची हैदराबादला! नातीचं, योगिनीचं, घर तारनाक्याला तिसऱ्या मजल्यावर. गॅलरीतून रेल्वेची क्वार्टरं दिसतात. भालकीहून निघताना सून म्हणाली होती, तिथं करमायचं नाही. न करमायला काय झालं? शेजारच्या ज्योतीनं गोंगुऱ्याची, म्हणजे आपल्या अंबाडीची, चटणी दिली, मी तिला तिळाची पोळी दिली, झाली ओळख. तिला मराठी येत नाही, मला तेलुगू येत नाही, तरी तासभर बोललो.

ही वही योगिनीनं दिली. म्हणाली, आज्जी, मी कामात असले की हिच्याशी गप्पा मार. चौथी शिकलेली मी, पण अक्षर गोल आहे माझं.

पोरीचं काम ऐकून हसूच आलं. कंप्युटरचे जुने प्रोग्राम गोळा करायचे अन् प्रत्येकाचं मूळ लिहून ठेवायचं – कुणी बनवला, कुठं, कशापायी. आपण स्थळ आलं की कुळी विचारतो, तसंच की! घरभर चौकोनी काळ्या चकत्या, फ्लॉपी म्हणायचं त्यांना. मी एक ओल्या फडक्यानं पुसली तर अशी किंचाळली, जसं काही मी पाळण्यातलं पोर पाडलं.

७ फेब्रुवारी, शनिवार
आज मला कामाला लावलं. बेगम बाजारातल्या भंगारवाल्याकडून आणलेल्या खोक्यात लग्न जुळवायचा मराठी प्रोग्राम निघाला. योगिनी मराठी बोलते फाडफाड, वाचताना मात्र पहिलीतल्या पोरासारखी अडखळते. म्हणून जुन्या डबड्या कंप्युटरवरची हिरवी अक्षरं मी वाचायची अन् तिनं टिपायचं. कळांवर मराठी अक्षरांच्या चिकटपट्ट्याही लावून दिल्या माझ्यासाठी.

मुलाची पत्रिका घालायची, मुलीची घालायची, गुण समोर! बनवणाऱ्याचं नाव कुठंच नाही, अन् तिला तेच हवंय. मुलांमध्ये एकच नाव भरलेलं, हेमंत, राहणार गौलीगुडा. मुलींमध्ये कुणीच नाही. मी म्हटलं, बिचारा केव्हाचा ताटकळलाय. योगिनी म्हणाली, त्याला आता नातवंडं असतील, तू नक्को काळजी करू.

९ फेब्रुवारी, सोमवार
एक गंमत केली. योगिनी बाहेर गेली होती. तिच्या लग्नाचा विषय काढला की ही पोरगी कानात ती गाण्याची बोंडं घालून बसते. म्हटलं, यंत्र काय म्हणतंय बघू तरी. तिची जन्मवेळ मला तोंडपाठ. एकेक अक्षर शोधून भरलं.

छत्तीसच्या छत्तीस गुण! आमच्या घरात कुणाचे एवढे जुळले नाहीत. माझे अन् ह्यांचे अठराही भरले नव्हते, तरी जन्म गेला की भांडत-भांडत.

मग खाली आलं – मुलीकडून पसंती? मी ‘होय’ दाबलं. दाबणारच. चिमूटभर साखरही ठेवली कंप्युटरपुढं, तोंड गोड करा म्हटलं. यंत्र जरा कुरकुरलं अन् आपोआपच अक्षरं उमटली, मुलाकडून पसंती. शहाणं बाई!
योगिनीला सांगितलं नाही. रागावेल.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
साखरेला मुंगी लागली नाही. हैदराबादच्या मुंग्या नखरेल दिसतात.

आज योगिनीसोबत गौलीगुड्याला गेले. पत्ता विचारत विचारत हेमंतची बहीण सापडली, उषाताई. म्हातारी, गोड बोलणारी. म्हणाली, प्रोग्राम हेमंतनंच बनवला, अन् पहिली पत्रिका आपलीच घातली. पोरगी मिळण्याआधीच तापात गेला. बिनलग्नाचं पोर गेलं तर आधी रुईच्या झाडाशी लग्न लावतात, मगच उचलतात. पण वडील म्हणाले, सगळं थोतांड आहे. तसाच नेला. बनवणारा सापडला म्हणून योगिनी खूश.

चहा देताना उषाताईंनी योगिनीचे तळहात पाहिले अन् विचारलं, हळद कधी लागली?
खरंच पिवळे होते. रिक्षात योगिनी मलाच ओरडली, कायकू इतकी हळद टाकतेस भाजीत?
मी भाजीला हात लावला नव्हता.

१४ फेब्रुवारी, शनिवार
सांगून टाकलं तिला. आधी हसली. मग हात पाहिले अन् हसायची थांबली. फ्लॉपी काढली, वायरच उपटली.
संध्याकाळी ताप. हळद कोपरापर्यंत चढलेली. डॉक्टर म्हणाले कावीळ नाही, रक्त साफ आहे. धुते आहे, घासते आहे, निघत नाही.
वायर नाही, तरी पडदा हिरवा. मुहूर्त – मंगळवार, गोरज.

१६ फेब्रुवारी, सोमवार
ज्योतीला घेऊन रेल्वेच्या भिंतीकडून रुई आणली. ती माझा हात धरून चालली. रुईला हळद-कुंकू लावलं, पिवळा दोरा बांधला, कंप्युटरपुढं ठेवून येतील तशी मंगलाष्टकं म्हटली. म्हटलं, बाबा हेमंत, ही घे तुझी नवरी, माझं लेकरू सोड.

पानं बघता बघता काळी पडली.
पडद्यावर एकच ओळ – मुलीकडून पसंती दिलेली आहे.
खोटं कुठं बोलतो तो. शब्द मीच –

१७, मंगळवार
हळद गळ्याशी आली. योगिनी डोळे उघडत नाही. झोपेत लाजल्यासारखी हसते – ते हसू तिचं नाही.

ऊन उतरतंय. बसले पुन्हा कळांपुढं. शब्द मागं घेता येत नाही, पण नाव – तिचं एकेक अक्षर पुसलं. त्या जागी पद्मावती लिहिलं. माझं.

जन्मतारीख विचारतो. आधारवरची एक जानेवारी घातली – घेतली नाही. ती सरकारनं दिलेली, त्याला कसं कळलं? मग खरं ते लिहिलं. रझाकारांची गडबड, ज्वारीत दाणा भरत होता, आई वाटेतच बाळंत झाली. पहाट.

घेतलं.

छत्तीस.

अहो, रागावू नका वरती. लेकरासाठी.

योगिनीचा गळा निवळला – हात गोरे – पाणी मागते आहे, आज्जी म्हणते आहे! ज्योतीला हाक मारली, ती बसली तिच्यापाशी. मी दार लावून घेतलं आतून.

पेन निसटतंय. बोटं पिवळी. वहीवर डाग –

समोर कुणी तरी पांढरं धरलंय. अंतरपाट. खाली पाय दिसतात – ओले –

ज्योती दार वाजवते. नको उघडू पोरी –

अक्षता पडताहेत केसांवर. पांढरं खाली येतं आहे. त्याचं तोंड –