शेवटचा सूर

टाळ्यांची कायम घाई असलेल्या बाबांना,

"नुसतं व्हायोलिन घासत बसू नकोस, पुढची वाट दाखवणारा चांगला कोच शोध," असं तुम्ही हॉस्पिटलातून बजावलं होतं. शोधला. तिघांना माझ्या जुन्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग ऐकवलं.

पहिल्याने ते अर्धवटच ऐकलं. "आधी फोटो चांगले काढून घे, बाकीचं मी बघतो," म्हणाला. दुसऱ्याने शेवटपर्यंत ऐकून तोंड वाकडं केलं. "कुठला मूर्ख मध्येच टाळ्या वाजवतोय? ते कापून टाक." मी उठलेच. तुम्हाला मूर्ख म्हणायचा हक्क फक्त आईचा.

तिसऱ्या बाईंनी खुर्चीवरचा कपड्यांचा ढीग बाजूला सारून मला बसवलं. रेकॉर्डिंग ऐकलं आणि मला तेच वाजवायला लावलं.

"शेवटचा सूर अर्ध्यातच का सोडतेस गं? आता तर कुणी टाळ्या वाजवत नाहीये."

"बाबा वाजवायचे," मी म्हटलं. "सूर संपायच्या आधीच. सगळे वळून बघायचे. म्हणून मीच लवकर संपवायला लागले."

"येतात अजून कार्यक्रमाला?"

"नाही. गेले ते."

बाईंनी समजूत वगैरे घातली नाही. "पुन्हा वाजव," एवढंच म्हणाल्या.

या वेळी मी व्हायोलिनचा गज पार टोकापर्यंत ओढला. सूर विरत विरत गेला आणि खोलीत काहीच उरलं नाही.

बाई ठरल्या.

केवढा लांब असतो तो सूर, बाबा. आपण दोघांनीही तो कधी पुरता ऐकलाच नव्हता.

तुमची,
किरकिरी