साउंड कार्ड आणि बाबाचा दम

२८ सप्टेंबर २००३, जव्हार

कार्ड बसवलं. आवाज नाही! कॉम्प्युटर सुरू होतो, पडदा दिसतो, सगळं ठीक — आणि यादीत साउंड कार्डच्या नावापुढे पिवळं चिन्ह. म्हणजे वस्तू समोर आहे, पण ओळख देत नाही. आमच्या तालुक्याला बदलून येणारे साहेब असेच असतात.

कॉम्प्युटर क्लासवाला धर्मेंद्र येऊन बघून गेला. "गुरुजी, ड्रायव्हर कुठाय?" म्हटलं, कार्ड ठाण्याहून जुनं आणलंय, सोबत सीडी नव्हती. "म्हणजे ड्रायव्हरशिवाय एसटी आणलीत." आणि माझ्याच घरचा चहा पिऊन मलाच हसला.

३० सप्टेंबर

कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर आलेल्या सीडीत एक ड्रायव्हर सापडला. आमच्या कार्डाचा नाही, त्याच्या चुलतभावाचा असावा. पण बसला. टुंग — एवढाच आवाज आला. पण आला!

२ ऑक्टोबर

प्रभातफेरी आटोपून घरी. सुट्टी. हे सगळं कशासाठी चाललंय ते एकदा लिहून ठेवतो, नाहीतर बायको, प्रमिला, म्हणते तसं नुसतं खूळ वाटेल.

बाबाचा तारपा, म्हणजे आमचं भोपळ्याचं फुंकून वाजवायचं वाद्य, मला कॉम्प्युटरवर नीट भरून ठेवायचा आहे. एकोणनव्वद साली टेपवर भरला होता. इथल्या पावसाळ्याने कॅसेटला बुरशी आणली, आणि मागच्या वर्षी टेपरेकॉर्डरनेच ती खाऊन टाकली. टेपही गेला, कॅसेटही गेली. बाबा आता सत्तरीच्या पुढे. साखरशेतला एकटाच राहतो, आई गेल्यापासून. जव्हारला ये म्हटलं तर म्हणतो, "तुझ्या घरात भिंतीच भिंती."

आश्रमशाळेत होतो तेव्हा ऑक्टोबरात संध्याकाळी जेवणाच्या रांगेत उभे असताना लांबच्या पाड्यांवरून तारपे ऐकू यायचे. आम्ही पोरं ओळखायचो, हा कुणाचा, तो कुणाचा. मला ओळखायला सोपं होतं. सगळे मधेच थांबायचे. थांबत नाही तो माझा बाप. तोंडाने फुंकत असतानाच नाकाने दम घ्यायचा, गाल रिकामे होऊ द्यायचे नाहीत, सूर तुटू द्यायचा नाही. मला शिकवायला त्याने पपईच्या देठाची नळी पाण्याच्या तांब्यात घालून दिली होती — बुडबुडे थांबता कामा नयेत. माझे थांबायचे. बाबा हसायचा, आई ओरडायची, पोराला पाणी पाजताय की तारपा शिकवताय. मग मी शाळेला गेलो आणि तांब्या मागे राहिला. ते चुकलंच. गुरुजी झालो, तारपकरी झालो नाही.

नवं भात घरात येऊन देवापुढे ठेवेपर्यंत तारप्याला हात लावायचा नाही. म्हणून थांबलोय. बाबाचं हळवं, लवकर पिकणारं भात दसऱ्यापर्यंत येईल.

६ ऑक्टोबर

नवं भात देवापुढे ठेवून बाबा सकाळच्या गाडीने आला. तारपा धोतराच्या जुन्या पानात गुंडाळलेला, तान्हं मूल धरावं तसा कुशीत. बाहेरच्या खोलीत खुर्ची दिली तर उकिडवाच बसला. माइक पुढे धरला. "हं वाज, बाबा." दहा मिनिटं वाजवला. अंगावर काटा आला. प्रमिला पोळ्या टाकून दाराशी येऊन उभी राहिली.

मग हेडफोन त्याच्या कानाला लावले. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो, खूश होईल म्हणून. तो खूश नव्हता. हेडफोन काढून त्याने हळूच टेबलावर ठेवले.

"दम तुटला माझा."

मी ऐकलं. खरंच — दर अर्ध्या मिनिटाला सूर कट्कन तुटतो, परत सुरू होतो. सांगितलं, बाबा, हे तू नाहीस, हे कार्ड तोडतंय, ड्रायव्हर चुकीचा आहे. तो म्हणाला, "मशीन कशाला लबाड बोलंल? तिला माझ्याशी काय घेणं?"

जेवला नाही नीट. दुपारच्या गाडीने गेला.

७ ऑक्टोबर

साखरशेतवरून निरोप आला. बाबाने तारपा खुंटीला लावला. वाघबारशीला, वाघोबाच्या सणाला, पाड्यावर तुकाने वाजवावं, असं सांगितलंय. तुका शेजारचा, चाळिशीचा, चांगला वाजवतो. त्याचा तारपाही बाबानेच करून दिलेला, दोन्ही भोपळे एकाच वेलाचे. पण वाघबारशीला पन्नास वर्षं माझा बापच वाजवत आलाय.

प्रमिला म्हणाली, "कशाला ऐकवलंत त्यांना?" बरोबर बोलली. मला दिवसभर वाईट वाटत होतं. चांगला वाजवणारा माणूस मी माझ्या हौसेपायी गप्प बसवला.

१० ऑक्टोबर

सुचलं! रेडिओ कॉम्प्युटरला जोडला आणि सातच्या बातम्या भरल्या. बातम्या देणारी बाईसुद्धा तुटते. "मुख्यमंत्र्यांनी आज" — कट्ट — "पाहणी केली." म्हणजे दोष कार्डाचाच. मी एकटाच खोलीत हसलो.

१३ ऑक्टोबर

आज बाजार. बाबा मीठ-मिरची घ्यायला आला होता, त्याला जवळजवळ ओढून घरी आणला. बातम्या ऐकवल्या. ऐकता ऐकता हसायला लागला. "हिचा पण दम तुटं! हिला कोण तारपा वाजवाय सांगं?" कितीतरी दिवसांनी असा हसला.

म्हटलं, मग? वाघबारशीला वाजवशील ना?

तो तंबाखू मळत बसला. मग म्हणाला, "आधी तुझी मशीन नीट व्हऊ दे. मना एकदा ऐकू दे. मंग बघू. तवर तारपा खुंटीला."

वाघबारस बावीसला. नऊ दिवस.

१४ ऑक्टोबर

कार्ड उपसून बाहेर काढलं. आमच्या लेकीच्या, हर्षदाच्या प्रयोगवहीसोबत आणलेलं भिंग घेऊन उन्हात बसलो आणि चिपवरचा नंबर वाचला. अक्षरं मुंगीएवढी. आता खऱ्या ड्रायव्हरचं नाव तरी कळलं.

१५ ऑक्टोबर

धर्मेंद्रकडे इंटरनेट आहे, पण फोनच्या तारेवरून येतं. साडेतीन एमबीचा ड्रायव्हर. दोन तासांत अर्धा उतरला आणि कुणाचा तरी फोन आला. पुन्हा पहिल्यापासून.

१६ ऑक्टोबर

उतरला! तीन फ्लॉप्यांवर तुकडे करून आणला. घरी लावला तर तिसरी फ्लॉपी वाचत नाही. फुंकर मारली, शर्टाला पुसली, प्रमिलाने देव्हाऱ्यापुढे ठेवून बघा असंही सुचवलं. नाहीच.

१७ ऑक्टोबर

दिवसभर लाईट नाही.

१८ ऑक्टोबर

तिसरी फ्लॉपी नव्याने आणली. खरा ड्रायव्हर बसला, पिवळं चिन्ह गेलं — आणि बातमीवाली अजून तुटतेच. कमी तुटते, पण तुटते. चिडून पेटीला एक चापट मारली. माझ्या वर्गात मी कधी कुणाला मारत नाही.

१९ ऑक्टोबर

धर्मेंद्र रविवार असून आला. म्हणाला, मॉडेम आणि साउंड कार्ड एकाच नंबरावर बसलेत, एकाला बोलायचं असलं की दुसऱ्याला अडवतात. एका बाकावर दोन दांडगी पोरं बसवल्यासारखं. हे मला लगेच समजलं. मॉडेम काढून टाकला, कार्ड खालच्या खाचेत बसवलं, सॉफ्टवेअरला साठवून घ्यायला थोडी जास्त जागा दिली.

सलग वीस मिनिटं रेडिओ भरला. मग हेडफोन लावून वीसच्या वीस मिनिटं ऐकला. एकदाही तुटला नाही. एकदाही नाही! पडद्यावरची लाटही पाहिली. आधी सूर तुटायचा तिथे लाट विळ्याने कापल्यासारखी सरळ कापलेली दिसायची. आता तसं कुठेच नाही.

एसटीच्या कंडक्टरकडे साखरशेतला निरोप दिला — मशीन नीट झाली, मंगळवारी ये.

२१ ऑक्टोबर

शाळेला कालपासून दिवाळीची सुट्टी. बाबा आला. तुका त्याला सोडायला आला होता, बाजारात काम आहे म्हणून लगेच गेला.

बाबाने बारा मिनिटं वाजवला. मी मुद्दाम त्याच्याकडे न बघता पडद्याकडे बघत होतो. झाल्यावर तो ओट्यावर जाऊन बसला. म्हणाला, आधी तू ऐक.

ऐकलं. पाचव्या मिनिटाला सूर तुटला. नवव्याला परत. मग दहाव्याला दोनदा.

पहिल्यांदा ड्रायव्हर बघितला. ठीक. मग पाच मिनिटं रेडिओ भरून बघितला. एकदाही तुटला नाही. मग तारप्याची लाट मोठी करून बघितली. तिथे विळ्याने कापलेलं काहीच नाही. लाट हळूहळू बारीक होत जाते, नाहीशी होते, आणि खूप कष्टाने पुन्हा भरत येते. हे कार्ड नाही. हा माझा बाप आहे.

मला रडू आलं. हेडफोन कानाला तसेच ठेवून बसलो, म्हणजे प्रमिलाला वाटावं मी ऐकतोय. पंधरा दिवस त्या पेटीत डोकं घालून बसलो आणि अखेर तिला खरं बोलायला शिकवलं.

ओट्यावरून आवाज आला. "काय मधु? झाली का नीट तुझी मशीन?"

बाहेर गेलो. बारीक बुट्ट्यांचा टॉवेल खांद्यावर टाकून बसला होता. म्हटलं, "नाही रे बाबा. अजून तोडतेच. धर्मेंद्र म्हणतो कार्डच गेलंय. जुनं होतं ना."

त्याने माझ्याकडे पाहिलं, टॉवेलने तोंड पुसलं. मग म्हणाला, "जुनंच व्हतं ते."

"तू मात्र वाजव उद्या," मी म्हटलं. "तुझ्यात काही खोट नाही."

"तू सांगतंस तर वाजवतू," म्हणाला, आणि तारपा गुंडाळायला लागला.

आयुष्यात बापाशी पहिल्यांदा धडधडीत खोटं बोललो. लहानपणी बोललो असेन, पण ते सगळं पकडलं गेलं होतं.

२२ ऑक्टोबर, साखरशेत

वाघबारस. वाघोबाला नारळ झाला, नैवेद्य झाला. ऊन उतरल्यावर खळ्यात नाच. मी दिवसभर काळजीत. तोंडाला चव नव्हती. चारचौघांत दम तुटला तर काय, आणि मीच त्याला उभा केलेला.

बाबा मधे उभा राहिला. तुका त्याच्या पाठीशी, आपला तारपा घेऊन, सोबतीला. पाड्यावरची म्हातारी धोंडीबाई रांगेच्या टोकाला, आई असायची त्या जागी. मी तिच्या शेजारी, तिच्या कमरेला हात घालून. किती वर्षांनी! पाय आधी विसरले होते, मग त्यांना आपोआप आठवलं.

मी कान देऊन ऐकत होतो. पाच मिनिटं गेली. दहा गेली. तासभर गेला. सूर एकदाही तुटला नाही. रांग फिरत होती, मधे बाबाची पाठ दिसे, मग तुकाची, मग पुन्हा बाबाचे फुगलेले गाल, आणि सूर अखंड चाललेला. आश्रमशाळेच्या रांगेतून ऐकायचो तसाच.

म्हणजे माझंच चुकलं? कार्डच खराब आहे की काय? असेल! घरी गेल्यावर ते बदलायचं. आज खूप दिवसांनी पोटभर जेवलो.

२४ ऑक्टोबर, जव्हार

बाजारात तुका भेटला. म्हटलं, बाबाचा दम बघितलास ना परवा? तो घुटमळला. मग म्हणाला, "गुरुजी, तुमाना सांगू नको असं काकाने बजावलंय. पहिल्यांदा तुमच्या मशीनवर वाजवून आला ना, त्याच सांजेला माझ्या दारी आला. म्हणला, माझा दम सरला, वाघबारशीला तूच वाजव, आन मधुने मना उभा केलाच तर तू माझ्या पाठीशी उभा र्‍हा. मी थांबलो का तू सूर धर. पण मधुला कळू देऊ नको. मशीन नीट करतंय तो, करू दे त्याला."