दादा मुकादमांकडे गेलाय

आई,

दादाच्या लाँड्रीतल्या मुकादमांचे वडील सकाळी वारले. सगळे कामगार त्यांच्या घरी निघाले, तसा दादाही त्यांच्याबरोबर गेलाय. मीच जाऊ दिलं. तू म्हणशील, डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाला असल्या ठिकाणी कशाला पाठवलंस, त्याला झेपत नाही. मीही आधी तेच म्हणाले. तर म्हणाला, "बाबा गेले तेव्हा मला मावशीकडे ठेवलंत. मुकादम माझ्या कामावरचे आहेत. मी जाणार." शर्टाला स्वतःच इस्त्री केली आणि निघाला.

मी कामावर जातेय. त्याला सारखे फोन करू नकोस. आला की जेवायला वाढ आणि जरा जवळ बस. बाबांचं विचारलं, तर या वेळी सगळं सांग.

— धाकटी