टिंबांच्या मुलखातील पाहुणा

दि. ४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझे पत्र पोचले. मी फोन का करत नाही असे पुन्हा विचारले आहेस, म्हणून पुन्हा सांगतो: फोनवर ऱ्हस्व-दीर्घ दिसत नाहीत. पत्रात दिसतात, तुझ्या पत्रात तर चुकलेलेही ठळक दिसतात. नेहमीप्रमाणे तांबड्या पेन्सिलीने दुरुस्त करून पत्र सोबत परत पाठवले आहे. ‘माहीत’ मधला ‘ही’ दीर्घ असतो, हे मी तुला, तू परकर-पोलक्यात होतीस तेव्हापासून सांगत आलो आहे.

आमच्या वाचनालयाच्या ‘नवे जग रचा’ या आव्हानाचे पत्रक तुला पाठवले होते. दुकानात चष्मे पुसायला त्याचा उपयोग केला असशील, याची मला खात्री आहे. दर आठवड्याला ग्रंथपालबाई एक विषय देतात, आणि प्रत्येकाने आपण कल्पिलेल्या जगाबद्दल दोन पाने लिहायची असतात. टोपणनाव सक्तीचे. बाहेरगावचे लोक टपालाने पाठवतात. पाने वाचनालयात मांडली जातात, सर्वांनी सर्वांची वाचायची, आणि महिनाअखेरीस ज्या जगाला सर्वाधिक मते मिळतील त्याचे पुस्तक निघेल. माझी पाने नेहमी ढिगाच्या तळाशी सापडतात. हा योगायोग नव्हे. माझा ग्रंथपालबाईंवर संशय आहे.

तरीही न्यायाने सांगतो, मंडळी फार चांगले लिहीत आहेत. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांनी असे शहर रचले आहे, जिथे इमारती जमिनीखाली वाढतात आणि श्रीमंत सर्वांत खोल राहतात. तिथे ‘वर पोचलेला’ ही शिवी आहे. दातांच्या एका डॉक्टरीणबाईंच्या देशात सासूचे दात सुनेला वारशाने मिळतात, त्यामुळे तिथल्या सुना विचार करून हसतात. पण या सर्वांहून वरचढ आहे तो ‘पाहुणा’ या टोपणनावाने लिहिणारा कोणी एक. त्याच्या मुलखात घरात येणारा दार वाजवत नाही. जाणारा आतून वाजवतो, आणि आतल्यांनी ‘बरं’ म्हटल्याशिवाय त्याला जाता येत नाही. हे वाचून मी खुर्चीवरून उठलो आणि उगाच खिडकीपर्यंत जाऊन आलो. आयुष्यभर छापखान्यात दुसऱ्यांची मुद्रिते तपासली, धाकटे. असे वाक्य हाती फार थोड्या वेळा लागले.

माझे जग म्हणजे ‘नवव्या विभक्तीचे राज्य’. त्याची घटना लिहून झाली आहे. कलमे शंभराच्या वर गेली आहेत. तुझी वहिनी म्हणते, कलमांना भूक लागत नाही, माणसांना लागते. तिला व्याकरण कधीच फारसे रुचले नाही.

लोभ आहेच, तो शुद्ध लिहिण्यातून व्यक्त व्हावा.
तुझा,
दादा


दि. ९ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

‘माहीत’ आता माहीत झाले. पत्रावर तांबडे इतके होते, की टपालवाल्याने पाकिटातून डोकावलेला कागद पाहून घरी सगळे ठीक आहे ना, असे विचारले.

तुझ्या राज्यात अजून कोणी जेवलेले दिसत नाही. शंभर कलमे झाली, एक तरी माणूस आण रे! निदान एखादा गुन्हेगार तरी. नाहीतर एवढे कायदे मोडणार कोण?

त्या पाहुण्याबद्दल मात्र पुन्हा लिही. त्याचे नेमके काय आवडले? ते दाराचेच, की भाषाही? त्यात चुका नव्हत्या का? मी सहज विचारते आहे. आमच्याकडे दुकानात हल्ली गर्दी कमी, नंबर तपासायला कोणी आले नाही तर भिंतीवरची अक्षरे मीच मोठ्याने वाचते. तेवढाच माझा साहित्याशी संबंध.

तुझा खोकला कसा आहे? रात्री खिडकी लावून घेत जा.

लोभ असू दे. पेन्सिलीला जरा विश्रांती दे.
तुझी,
धाकटी


दि. १४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तू विचारलेस आणि मी पाहुण्याचे नवे पान पुन्हा, या वेळी भिंग घेऊन वाचले. बरे झाले वाचले. पाणी कुठेतरी मुरते आहे.

त्याच्या मुलखात कोणी कायमचे गेले, की उरलेले लोक त्याच्या नावावर एक टिंब देतात. टिंबाचा उच्चार करायचा नाही. ते फक्त जागा राखते. आता ऐक. आपल्या लहानपणी ‘गांव’, ‘नांव’, ‘पांच’ असे टिंब देऊन लिहीत, आणि ते टिंब उच्चारले जात नसे. ‘ग्राम’ मधला ‘म’ गेला, त्याची जागा टिंबाने धरून ठेवली. ‘एक अक्षर इथे राहत होते, ते गेले, पण घर मोडले नाही’, अशी मी त्याची फोड करीत असे. पुढे नवे नियम आले, ही टिंबे रद्द झाली, आणि छापखान्यात ती हजारोंनी खोडण्याचे काम माझ्याच वाट्याला आले. ही फोड माझी आहे. कोणत्याही व्याकरणात ती नाही. मग ती या पाहुण्याला कोणी सांगितली?

मी ती आमच्या कंपोझिटरला सांगितली होती. तो खिळे जुळवायचा आणि मी टिंबे खोडायचो. दोघांनी मिळून कैक वर्षे काढली. काल चहाच्या टपरीवर मी त्याला सरळ विचारले. तो म्हणाला, की आपण जन्मभर दुसऱ्यांची अक्षरे उलटी वाचत आलो. त्याला स्वतःचे एक जरी वाक्य सुचले असते तर त्याने पहिल्यांदा मलाच ऐकवून छळले नसते का. मी म्हटले, चोराच्या मनात चांदणे. त्याने कप खाली ठेवला. अर्धा चहा तसाच सोडून तो निघून गेला. आज आला नाही. याचा अर्थ उघड आहे.

शिवाय चोराला नियम नीट कळलेलाही नाही. त्याने ‘आईं’ असे लिहिले आहे. ‘आई’वर टिंब कोणत्याही काळी, कोणत्याही नियमात बसत नव्हते.

तुझी वहिनी म्हणते, माणसावर संशय घेण्याआधी चष्मा पुसावा. मी पुसला. टिंब तिथेच आहे.

लोभ आहे, सध्या तो थोड्याच माणसांवर आहे.
दादा


दि. १८ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न.

साप साप म्हणून भुई धोपटू नकोस. कंपोझिटरभाऊ तुझ्या आजारपणात रोज उशाशी बसून वर्तमानपत्र वाचून दाखवत होते, मुद्दाम चुकीचे, म्हणजे तू चिडून उठून बसावास. तो माणूस तुझे चोरील? आणि टिंबांचे म्हणशील तर तुझ्या वयात मोतीबिंदू असला की नको तिथेही ठिपके दिसतात. हे मी दुकानदारीतले सांगते आहे.

एखादी गोष्ट दोघांना सुचू शकत नाही का? तुला ते लेखन आवडले होते. खिडकीपर्यंत गेला होतास. तेवढेच धरून ठेव ना.

तक्रारबिक्रार मात्र करू नकोस. माझे एवढे ऐक.

लोभ असावा, आणि त्यातला थोडा कंपोझिटरभाऊंना द्यावा.
तुझी,
धाकटी


दि. २२ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

तक्रारीचा शब्द मी काढला नव्हता, तू काढलास. सल्ला उपयुक्त वाटला. अर्ज लिहून तयार आहे. येत्या शनिवारी, मते मोजण्याआधी, ग्रंथपालबाईंच्या हाती देणार. नियम असा आहे, की चोरी सिद्ध झाली तर ते जग स्पर्धेतून काढतात आणि टोपणनावामागचे नाव सर्वांसमोर वाचून दाखवतात.

कंपोझिटर सुटला. पाहुण्याच्या चौथ्या लेखात मला एक क्रियापद सापडले. सगळीकडे ‘मी गेलो’, ‘मी बसलो’ असे लिहिणारा हा गृहस्थ एके ठिकाणी लिहितो: ‘मी दारात थांबले.’ थांबले! पाहुणा नव्हे, पाहुणी. बाई आहे. आणि टिंबांची ही फोड ऐकलेली बाई या घरात एकच आहे: सूनबाई. माझी पाने टंकित करून देते तीच. तिनेच मागे मला विचारले होते, की यंत्रावर टिंब कुठे असते.

मी माझी पाने तिच्याकडून परत घेतली आणि कपाटाला कुलूप लावले. ती म्हणाली, ‘बाबा, मला ऑफिसातल्या जगातून डोके वर काढायला फुरसत नाही, दुसरे जग कधी रचू?’ उत्तर हजरजबाबी होते. निर्दोष माणसाला इतके तत्काळ उत्तर सुचत नाही. तेव्हापासून घरात ताटे वाढल्याचा आवाज तेवढा होतो. तुझी वहिनीही माझ्याशी बोलेनाशी झाली आहे.

आणखी एक पुरावा. त्याच लेखात एका घराच्या दारावरची पाटी आहे. त्यावर आजोबांना टिंब, आईला टिंब. पण ‘कारभारीण’ या नावावर टिंब नाही, आणि तिची खुर्ची तर रिकामी वर्णिली आहे. स्वतःचाच नियम पाळता आलेला नाही. उसन्या कल्पनेचे असेच होते.

तू यात संशयातीत आहेस. तू कधी चार ओळी जुळवल्या नाहीस, हे एक बरे झाले.

लोभ आहे, सध्या तो तुझ्यापुरता उरला आहे.
दादा


दि. २४ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तातडीच्या टपालाने पाठवते आहे. उभ्यानेच वाच आणि मग सूनबाईंकडे जा.

काखेत कळसा अन् गावाला वळसा. पाहुणा मी आहे.

ताकाला जाऊन भांडे लपवले, हे खरे. तू पाठवलेल्या पत्रकाने मी चष्मे पुसले नाहीत. ते काउंटरच्या काचेखाली ठेवले, आणि ज्या यंत्रावर नंबरच्या चिठ्ठ्या निघतात त्यावर पाने छापली. का लपवले, विचारशील. दादा, मी तुला पाठवलेला प्रत्येक कागद तांबडा होऊन परत आला आहे. आमचे हे गेले तेव्हाचे पत्रसुद्धा. मला एकदा, एकदाच, तुला असे काही वाचायला द्यायचे होते, जे तू पेन्सिल हातात न घेता वाचशील. तू खिडकीपर्यंत गेलास, ते वाक्य मी दुकान बंद करून पुन्हा वाचले. मग हाव सुटली आणि मी विचारत राहिले. चूक झाली. तिची शिक्षा त्या दोघांना नको.

टिंबे मी चोरलेली नाहीत. ती तू मलाच दिलीस, सर्वांत आधी. तू विसरलास, कंपोझिटरभाऊ तुला फार पुढे भेटले. मी पाटीवर ‘गांव’ लिहीत होते, तू ती फोड सांगितलीस, आणि त्याच वर्षी आई गेली. मी पाटीवर ‘आईं’ लिहिले. तू म्हणालास हे नियमात बसत नाही, आणि पुसलेस. अक्षर केव्हाच गेले होते, तरी तू कितीतरी वेळ पाटी पुसत बसला होतास.

आता त्या कारभारणीचे. तो निष्काळजीपणा नव्हता. माझ्या मुलखाचा शेवटचा कायदा अजून पाठवायचा आहे: टिंब देण्याचा अधिकार फक्त सर्वांत जवळच्या माणसाचा. दुसऱ्या कोणी ते देऊ नये, आणि त्याला घाई करू नये. वहिनी जाऊन दोन उन्हाळे झाले, दादा. तू अजून प्रत्येक पत्रात ‘वहिनी म्हणते’ असे लिहितोस. तिला हे आव्हान माहीतसुद्धा नव्हते. तू माझे काळ जन्मभर सुधारलेस. तुझा हा एक चुकलेला काळ मी कधी सुधारला नाही. आजही सुधारत नाही. फक्त पाटीवर जागा मोकळी ठेवली.

अर्ज द्यायचाच असेल तर दे. त्यात नाव मात्र माझे घाल, आणि ते शुद्ध लिही.

लोभ उरला असेल तर असावा.
धाकटी


दि. १ मार्च

चि. धाकटीस,
अनेक, अनेक उत्तम आशीर्वाद.

अर्ज दिला नाही. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला हे पत्र लिहीत आहे.

कंपोझिटरच्या घरी जाऊन आलो. त्याने दार उघडले, पण चहा माझ्याकडून करवून घेतला, आणि तो पाणचट झाल्याचे शेजाऱ्यांनाही सांगितले. सूनबाईला कपाटाची किल्ली दिली. तिने माझी पाने निमूटपणे टंकित केली. ‘राज्यघटना’ मात्र सर्वत्र ‘राज्यघटणा’ अशी. मी एकही ‘ण’ दुरुस्त केलेला नाही. तशीच वाचनालयात गेली.

माझे मत पाहुण्याला दिले. इतरांनी काय केले ते रविवारी कळेल. ग्रंथपालबाई मोजणार आहेत, म्हणून मी शेजारी बसणार आहे.

तुझ्या लेखात ‘थांबले’ला मी तांबडी रेघ मारली होती. आता त्या शब्दाखाली टिंबे दिली आहेत. आमच्या धंद्यात खोडलेल्या शब्दाखाली टिंबे देतात, तेव्हा त्याचा अर्थ असतो: आहे तसे राहू द्यावे.

तुझे पत्र या वेळी सोबत परत पाठवलेले नाही. ते ठेवून घेतले आहे.

माणसावर संशय घेण्याआधी चष्मा पुसावा, असे तुझी वहिनीं म्हणत असे.

वरचे वाक्य दोनदा तपासले आहे.

लोभ आहे.
तुझा,
दादा