शिलाईयंत्राचे अक्षांश आणि रेखांश

ज्याने हा देह येथे ठेवला तो केव्हाही येऊन उचलील, हे ध्यानी घेऊन व त्याचेच स्मरण करून, मी, संस्कृतचा निवृत्त शिक्षक, वय एकोणऐंशी, कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र लिहीत आहे. बुद्धी ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. गुडघ्यांचा दिलेला नाही.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक मुलगा व मुलगी यांस समसमान. याविषयी त्यांचे भांडण नाही, म्हणून अधिक लिहीत नाही.

२. पोथ्या वाचनालयास द्याव्यात. समासांतील पेन्सिलीच्या खुणा माझ्या आहेत. त्या पुसू नयेत, त्यांवर फार विसंबूही नये.

३. निवृत्तीनंतर दर रविवारी मी शाळेच्या मुलांना जिओकॅशिंगला नेतो. कोणी एक डबा लपवितो व त्या जागेचे अक्षांश-रेखांश देतो. मुले फोनवर दिशा पाहत, झुडपे धुंडाळत तो शोधतात. नियम एकच: डब्यातून जे घ्यावे, त्याच्या तोडीचे दुसरे ठेवावे. अपरिग्रह शिकविण्यात माझी हयात वर्गात गेली. डब्याने तो एका सकाळीत शिकविला. माझे रबरी बूट, भिंग व रिकामे डबे शाळेस द्यावेत.

४. शेजारचे मॅनेजरसाहेब, बँकेतून निवृत्त, यांनी पुलाखालचा आमचा डबा पाहून पोलिसांना बोलाविले. पूल रिकामा करण्यात आला, कुत्रा आणला, डबा उडविला. त्यात गोट्या व एक दुधाचा दात होता. दाताच्या मालकाने विचारले, "गुरुजी, दात परत मिळेल का?" मॅनेजरसाहेब म्हणाले, "सावध असलेलं बरं." क्षमा हे भूषण होय असे शास्त्र सांगते. सबब माझी दुर्बीण त्यांना देतो. पुढच्या वेळी नीट दिसेल.

५. माझी दिवंगत पत्नी कपडे शिवीत असे. तिचे शिलाईयंत्र मुलगा आपले म्हणतो, कारण ते त्याच्या पहिल्या पगारातून आले. मुलगी आपले म्हणते, कारण त्यावर ती आईच्या बरोबरीने राबली. आई गेल्यापासून दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. यंत्र माझ्या खोलीत आहे. त्याची बॉबिन केस, म्हणजे खालचा दोरा जिच्यात बसतो ती लहानशी लोखंडी डबी, मी काढून डब्यात घातली व डबा लपविला. तिच्यावाचून चाक फिरते, सुई खालीवर होते, टाका मात्र पडत नाही. मग अक्षांश मुलास व रेखांश मुलीस फोनवर पाठविला. दोघांनी वाचल्याची खूण दिसते, उत्तर नाही. बाजारात दुसरी केस मिळते हे दोघांस ठाऊक आहे. कोणीही आणलेली नाही, एवढ्यावर माझी श्रद्धा टिकून आहे.

६. गेल्या रविवारी मुलाची मुलगी ठमी म्हणाली, "आजोबा, आज वाट मी दाखवते." तिच्यामागून मुले व मी थेट त्याच डब्यापाशी पोचलो.

"आकडे कुठून आणलेस?"

"एक बाबांच्या फोनात होता. दुसरा आत्याला विचारला."

"आत्याने काही विचारलं नाही?"

"विचारलं ना. तुझा बाप जेवतो का नीट, म्हणाली."

"ते बाबाला सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाले, तिला काय करायचंय. मग थोड्या वेळाने म्हणाले, आणखी काय म्हणाली?"

नियमाप्रमाणे केस ठमीची झाली. केसवाचून यंत्र व्यर्थ, म्हणून यंत्रही ठमीस देतो. तिचा पाय पॅडलपर्यंत पोचेतो ते माझ्या मुलीच्या घरी राहावे, ठमीने तेथे शिवण शिकावे, व तिला पोचविणे-आणणे मुलाने स्वतः करावे.

७. केसच्या बदल्यात तिने डब्यात काय ठेवले, हे मी विचारले. "तुम्हाला नाही सांगणार. तो डबा बाबांचा आणि आत्याचा आहे," असे उत्तर मिळाले. सबब त्या वस्तूची वाटणी मला करता येत नाही. मुलगा व मुलगी यांनी जाऊन ती पाहावी. अक्षांश एकाकडे आहे, रेखांश दुसऱ्याकडे. ठमीकडून ते वदवून घेण्याचा प्रयत्न करू नये. ती आजीवर गेली आहे.

वाटेत काटे आहेत. बूट शाळेस देण्यापूर्वी वापरावेत. जोड एकच आहे.

(सही) लिहून देणार

साक्षीदार, आमच्यासमक्ष सही झाली म्हणून:
(सही) दंतवैद्य, खालचा मजला
(सही) पोस्टमन, याच रस्त्याचा

स्थळ: राहते घर, यंत्राची खोली
दिनांक: चौदा मार्च, शनिवार. उद्या मुलांना न्यावयाचे आहे.