भोपळ्यावर आळ

शुक्रवार, २५ जुलै

सुक्या बोंबलाचं डोकं! आणि ते म्हणे आमच्या मांजराने टाकलं!

संध्याकाळी ऑफिसातून येते तोवर सोसायटीच्या ग्रुपवर फोटो. सेक्रेटरी मितेशने टाकलेला. पहिल्या मजल्याचा जिना, त्याच्या दारासमोरची पायरी, पायरीवर बोंबलाचं डोकं. खाली लिहिलंय — "श्रावणाच्या पहिल्याच दिवशी! मांजरं पाळणाऱ्यांनी विचार करावा." मांजरं पाळणाऱ्यांनी! अख्ख्या बिल्डिंगमध्ये मांजरं आहेत एका घरात. मग सरळ लतिका म्हणा ना, भिता कशाला?

आमच्या घरात आजपासून मासळीचा वासही नाही. सासूबाई आहेत घरी. त्यांच्यादेखत श्रावण मोडायची माझी काय टाप! बोंबलाचा डबा कालच गुंडाळून माळ्यावर टाकला. टाकताना जीव तुटला, पण टाकला.

शनिवार, २६ जुलै

लोकांना वाटतं दोन मांजरं म्हणजे एकाला एक सोबत. येऊन बघा म्हणावं!

भोपळ्या चांदीपचा, म्हणजे माझ्या सासरच्या गावचा. आई, म्हणजे सासूबाई, अंगणात घसरून पडल्या, आम्ही त्यांना इथे बोळिंजला आणायला गेलो, तर हा नारिंगी बोका आमच्या आधी रिक्षात जाऊन बसला. पेंढ्यात जन्मलेला गडी. सकाळ-संध्याकाळ बाहेर सोडला नाही तर घर डोक्यावर घेतो. आणि खोबरी? पांढरीशुभ्र, आणि ठार बहिरी. कुकरची शिट्टी कानाशी झाली तरी ढिम्म. खाली तिला गाडी ऐकू येणार नाही, कुत्रं ऐकू येणार नाही. म्हणून ती कायम घरात.

म्हणजे रोज काय? आधी खोबरीला बेडरूममध्ये घालायचं. मग दार उघडायचं. भोपळ्या उंबऱ्यावर उभा राहून विचार करणार — जाऊ की नको! त्याला ढकलायचं, कडी लावायची, मग खोबरीला सोडायचं. संध्याकाळी हेच उलटं. आणि मला विचारतात, तू एवढी चिडचिडी का!

आई पलंगावरून सगळं बघतात. आज म्हणाल्या, "मांजराला कडी लावतं का कुनी?"

"आई, ती बहिरी आहे."

"बहिरी हाय. आंधली नाय."

त्यांनाही बजावलंय — जिना उतरायचा नाही. दुसरा मजला, लिफ्ट नाही, पाय नुकता सांधलाय. ऐकतात बिचाऱ्या. या घरात निदान एकजण तरी माझं ऐकतं!

सोमवार, २८ जुलै

परत डोकं. तीच पायरी. मितेशने मला गेटवरच गाठलं. "ताई, तुमचा बोका—"

"पाहिलात का त्याला?"

"पाहायला कशाला पाहिजे? श्रावणात बोंबील दुसरं कोण खाणार?"

वा! चोर सापडत नाही म्हणून संन्याशाला सुळी! तळमजल्यावर लिडिया आंटी राहतात, त्यांना कुठला श्रावण? दुपारी बोंबील भाजतात तेव्हा वास थेट वर येतो, असं आईच म्हणत होत्या. तशीच गेले त्यांच्याकडे. "आंटी, खरं सांगा, भोपळ्या येतो का तुमच्याकडे?"

"बोका? नाय गो बाय. बोका कधीच नाय आला."

हे घरी सांगितलं तर चंद्रहास पेपरातून डोकं वर न काढता म्हणतो, "थोडे दिवस त्याला आतच ठेव. वाद नको." वाद नको! नवरा कोणाचा आहे, माझा की सेक्रेटरीचा?

ठेवते आत. पण वाद मिटावा म्हणून नाही. खोटे पडावेत सगळे म्हणून!

बुधवार, ३० जुलै

भोपळ्या चंद्रहासच्या ऑफिसच्या बॅगेवर मुतला. बरं केलं!

शुक्रवार, १ ऑगस्ट

दोन डोकी! आज दोन! आणि भोपळ्या सोमवारपासून घरात!

ग्रुपवर लिहिलं, चांगलं लांबलचक. "आमचा बोका घरात कोंडलेला असताना हे कोणी केलं, याचा खुलासा व्हावा." कोणी माफी मागितली? एकाने अंगठा पाठवला. मितेश जिन्यात भेटला तर म्हणतो, "तुम्ही कामावर जाता तेव्हा निसटत असेल."

बंद दारातून? बोका आहे की वाफ?

वर आणखी, "आणि तो दिवसभर रडतो त्याचं काय करायचं, ताई?" रडणारच! तुमच्यामुळेच रडतोय! बाहेर सोडला तर चोर, आत ठेवला तर आवाज. माणसाने करायचं तरी काय?

मंगळवार, ५ ऑगस्ट

भोपळ्या खात नाही. ओरडणंही थांबलंय. दाराला डोकं टेकून बसतो नुसता. पायाने सरकवावं तसा सरकतो आणि परत तिथेच येतो. आज मला रडू आलं.

खोबरीही तिचं खाणं हुंगून सोडते, पण अंग मात्र धरलंय तिने. आई म्हणाल्या, "श्रावन मानवला तिला." पंजाला चिखल होता. गॅलरीतली कुंडी उकरत असणार! सगळ्यांना मीच दिसते छळायला.

गुरुवार, ७ ऑगस्ट

मला न विचारता ठरवून मोकळा! चंद्रहासने विठ्ठलभावजींना फोन केला. रविवारी ते येणार आणि भोपळ्याला चांदीपला नेणार.

"मोकळी जागा आहे तिथे. खूश राहील."

मोकळी जागा! भावजींनी राखणीला दोन कुत्रे ठेवलेत. भोपळ्याचा कान फाटलाय तो कोणी फाडला? तो रिक्षात काय हौस म्हणून चढला होता? मी हे सगळं ओरडून सांगितलं. तर म्हणतो, "तुला माणसं जास्त की बोका?"

"बोका!" म्हटलं. तोंडावर.

आई शेंगा मोडत बसल्या होत्या. त्यांनी परात बाजूला सारली आणि आत जाऊन पडल्या. जेवल्याही नाहीत.

शनिवार, ९ ऑगस्ट

नारळीभात केला. कोणी धड खाल्ला नाही. भोपळ्याला न्यायची करंडी धुऊन ठेवलीय, तिच्याकडे बघवत नाही.

खरं सांगायचं तर आज आईंचा राग आलाय. बोका त्यांचा. त्यांच्या मांडीवर वाढलेला. आणि त्याच्यासाठी तोंडातून एक शब्द काढत नाहीत! नुसतं विचारतात, "विठ्ठल कंदी येनार?" एकदा नाही, सारखं. एवढी घाई?

रविवार, १० ऑगस्ट

भावजी आले. मी स्वतः भोपळ्याला करंडीत घातलं. ओरडलासुद्धा नाही.

तेवढ्यात आई बाहेर आल्या. एका हातात काठी, खांद्याला कपड्यांची पिशवी, काखेत खोबरी. "त्याला नेतोस तं मलापन ने. बोंबील मीच खाते. लिडियाकडं, दुपारी. चढताना गुडघा भरतो, मंग त्या पायरीवर बसते आनि टालकी हिला घालते. एकादं ऱ्हातं तितंच."

हिला! खोबरीला! पदराखाली धरून नेतात. मी कामावर गेले की रोज. लिडियाच्या बागेत दोघी पाय मोकळे करतात.

"पण आई, श्रावण?"

"श्रावन तुझा गं. आमच्यात कंदी व्हता? लावनीच्या दिसांत सुकं नाय खाल्लं तं खायाचं काय?"

लग्न झाल्यापासून श्रावण पाळतेय मी. त्यांच्यासाठी! चांदीपला श्रावणात गेलं की डाळभात वाढायच्या — तो माझ्यासाठी! चंद्रहासकडे बघितलं. हा खिडकीबाहेर बघतोय. "तू एवढी मनापासून पाळत होतीस... म्हटलं असू दे."

करंडीचं झाकण काढलं. भोपळ्या तडक दाराशी. खोबरीही त्याच्या मागे. भावजींना म्हटलं, रिकामी करंडी घेऊन जा. दाराची कडी काढली, आईंना हात दिला आणि पहिल्या पायरीवरच विचारलं, "लिडियाकडे उरलेत का अजून?"